मुरायला थारा लागतो

मनू, आधी तो डबा फ्रिजमधून बाहेर काढ. आत्ताच काढ, मी फोन धरून थांबते.

काढलास? आता झाकण उघड आणि वास घे. मेथीचा येतोय की कालच्या वांग्याच्या भाजीचा? हसू नको गं. तंबाखूचं पान वास ओढून घेण्यात लोण्यापेक्षाही वरचढ. शिवाय आजकालचे फ्रिज बर्फ साचू नये म्हणून आतली हवा सारखी कोरडी करत असतात. झाकण न लावता ठेवलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी कशी दिसते ते तुला माहीत आहे. महिनाभरात त्या चिरुटांची तीच गत झाली असती.

काल रात्री तू इतकी घाईत बोललीस की मी नुसतं हं हं केलं. म्हटलं, उद्या दुपारी कूलर लावून, पाय वर घेऊन, सगळं सावकाश सांगू. तर तुझा दीर ह्यूस्टनहून आला आणि नव्या घराच्या वास्तूला म्हणून 25 चिरुटांचा डबा देऊन गेला. बरोबर 25 का, तर विमानातून येताना करमाफीत तेवढेच आणता येतात. निखिल म्हणतो, आता ओढायचे नाहीत. ओवी 18 वर्षांची झाली की दोघे भाऊ गच्चीवर बसून एकेक काढू. ओवी आज 5 वर्षांची. म्हणजे 13 वर्षं हा डबा घरात राहणार आणि तो सांभाळणार कोण, तर तू. "जपून ठेव हं" एवढं म्हटलं की या लोकांची जबाबदारी संपते. तुझ्या भाऊजींनीही मला असंच म्हटलं होतं, आठ वर्षांपूर्वी. त्यांच्या डब्यात 20 होते. आज तीन उरलेत. गेलेल्या 17 जणांनी जे शिकवलं, ते आज तुला सांगते. त्यातली एक गोष्ट मी अजून तुझ्या भाऊजींनाही सांगितलेली नाही. ती शेवटाकडे.

पण एक आधीच स्पष्ट करते. मला तंबाखू आवडत नाही, कुठल्याच रूपात. तंबाखूचा खर्रा चघळून चघळून तोंड उघडेनाशी झालेली माणसं नागपुरात तूही पाहिलीस, मीही पाहिलीत. चिरूटवाले म्हणतात, आम्ही धूर छातीत घेत नाही, नुसता तोंडात घोळवतो. मग तोंड काय परक्याचं असतं? तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर त्यानंही होतो. तेव्हा ताई जपायला शिकवते म्हणजे ओढायला हो म्हणते, असा अर्थ निखिलनं काढू नये. घरात तर मुळीच पेटवायचा नाही. आणि आणखी एक, डबा ओवीच्या हाताला लागेल असा ठेवू नको. चॉकलेटी रंगाची कांडी आहे, मूल तोंडात घालणारच, आणि एवढी तंबाखू चावणं लहान जिवाला विषच आहे. कपाटाला कुलूप हवं म्हणजे हवं.

हे झालं. आता वस्तू घरात आलीच आहे, कोणीतरी प्रेमानं दिली आहे, तर ती बुरशी लावून फेकण्यातही काही शहाणपण नाही.

तुला वाटतं, ही परदेशी चीज, आपल्याला यातलं काय कळतं. अगं, सगळं कळतं! इंग्रजाळलेल्या माणसांना 'सिगार' म्हणायला आवडतं. आपले आबा चिरूटच म्हणायचे, आणि हा शब्द तमिळमधून आलेला आहे, तिकडच्या 'सुरुट्टु'वरून. गुंडाळलेलं ते सुरुट्टु. गुंडाळलेलं पानच आहे ते: आत पानं, त्यावर पान आणि सगळ्यात बाहेर एक पातळ, देखणं पान. जे काय जपायचं, ते हे पान. आणि पान जपणं आपल्या आजोळाला नवं आहे का?

साकोलीकडचा मे महिना आठव. तेंदूचे फड लागायचे. पुडे रांगेनं जमिनीवर वाळत घातलेले, लाल मातीवर हिरवे-तपकिरी पट्टे. आपण पळत गेलो की फडावरचे लोक ओरडायचे, पुड्यांवर पाय देऊ नका रे म्हणून. कडक वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. म्हणून पोत्यात भरायच्या आधी त्या ढिगांवर पाणी शिंपडायचे. बेतानं शिंपडायचे, पान नरम पडेल इतकंच. जास्त झालं तर पोत्यात काळं पडणार, कमी झालं तर चुरा होणार. आणि विड्या वळणाऱ्या बायका पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, आठवतं? एक पान घ्यायच्या, बोटावर वाकवून बघायच्या, मग कात्री लावायच्या. त्यांच्याकडे कुठलं मशीन होतं? पान हातात कसं वाकतं, हेच त्यांचं मशीन.

चिरुटाचंही एवढंच आहे. अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकेच दाब. पिकायला आलेल्या चिकूसारखा दबला पाहिजे आणि बोट उचललं की परत वर आला पाहिजे. करकर वाजला तर कोरडा पडलाय. बोटाचा खड्डा राहिला तर ओल जास्त झालीय.

आता मुद्द्याचं. इंग्रजीत याला वय वाढवणं म्हणतात. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: मुरणं. वय तर सगळ्यांचंच वाढतं, मुरत सगळं नाही. तंबाखूचं पान आपल्या घरी येण्याआधी बरंच काही सोसून आलेलं असतं. आधी ते कोठारात टांगून वाळवतात. मग ओलसर पानांचे मोठाले ढीग रचतात. ढीग आतून आपोआप तापतो, अगदी शेणखताचा उकिरडा तापतो तसा, आणि ठरावीक उष्णता आली की तो मोडून, खालची पानं वर घेऊन पुन्हा रचतात. या तापण्यात पानातला अमोनिया आणि कडवट उग्रपणा निघून जातो. त्यानंतर गासड्या बांधून महिने-वर्षं ठेवतात, मग चिरूट वळतात, आणि वळलेले चिरूटही लगेच विकत नाहीत, काही काळ पडू देतात. आपल्या कपाटात जे होतं ते या गोष्टीचं शेपूट. उरलासुरला उग्रपणा हळूहळू उडतो, आतल्या वेगवेगळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळतात. कैरी, मीठ, मोहरी आणि तेल पहिल्या दिवशी चार वेगळ्या चवी असतात आणि दिवाळीपर्यंत त्यांचं लोणचं होतं, तसं.

पण बरणी रोज हलवलीस, आज उन्हात, उद्या माजघरात, परवा ओला चमचा घातलास, तर लोणचं मुरेल का? मुरायला वेळ लागतो हे सगळे सांगतात. मी सांगते, त्याआधी थारा लागतो.

आणि थारा देण्यातच आपलं नागपूर कुचकं. बघ नं, मे महिन्यात भर दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की धुतलेली चादर अर्ध्या तासात खडखडीत. जुलैत तीच चादर तीन दिवस ओलसर आणि चपलांवर बुरशी. दिवाळीनंतर ओठ फुटतात. एका वर्षात तीन मुलुखांची हवा. त्यात तुझं घर चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. मनीषनगरच्या या नव्या इमारतींचा स्लॅब मे महिन्यात रात्री 11 वाजताही हाताला कोमट लागतो. मी रेल्वे फाटकाच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावर राहते, तरी माझ्या बेडरूमची भिंत संध्याकाळी तव्यासारखी होते.

आमचे पहिले आठ चिरूट या हवेनंच खाल्ले. तुझ्या भाऊजींच्या बोटीवरच्या मित्रानं डबा दिला, मी तो बेडरूममधल्या कपाटावर ठेवला. कपाटाच्या तोंडासमोर कूलर. रात्री कूलर चालू, खोली ओलसर गार. सकाळी बंद, दुपारपर्यंत भट्टी. पान रात्री फुगायचं, दिवसा आकसायचं. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर चार चिरुटांचं बाहेरचं पान उभं उकललेलं, भेगाळलेल्या टाचेसारखं. मी शहाणी! डब्यात एक ओला स्पंज ठेवून दिला. पुढे जुलै लागला. आणखी चारांवर पांढरट-हिरवी लव धरली. काही शौकीन अशा पांढऱ्या थराला कौतुकानं फूल म्हणतात. तू त्या भानगडीत पडू नको. लव दिसली, पुसली तर डाग राहिला, की ती बुरशी. तो चिरूट काढायचा, शेजारचेही तपासायचे.

आता तू काय करायचं ते क्रमानं ऐक. वही घेऊ नको, एवढं अवघड नाही.

पहिलं म्हणजे ओलावा मोजायचं छोटं यंत्र आण, हायग्रोमीटर. तीन-चारशे रुपयांत डिजिटल मिळतं. पण आणल्या आणल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नको. यंत्रं चुकतात. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं? देशभर बातमी झाली, मामांनी पुण्याहून फोन केला, जिवंत आहात का म्हणून. मग हवामान खात्यानंच सांगितलं, सेन्सर बिघडला होता. तिथं असं होतं तर आपल्या तीनशे रुपयांच्या डबीचं काय?

म्हणून ती मिठानं तपासायची. पाण्याच्या बाटलीचं एक झाकण घे. त्यात साधं मीठ भर, वरून पाण्याचे थेंब टाक. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपवाल्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद कर, मीठ यंत्राला लागणार नाही असं. घरातल्या एका शांत कोपऱ्यात एक दिवस ठेव. बंद जागेत असं ओलं मीठ असलं की हवेतला ओलावा 75 टक्क्यांवर येऊन थांबतो. हे निसर्गाचंच माप आहे, नागपुरात काय नि न्यूयॉर्कात काय. यंत्र 75 दाखवत असेल तर खरं. 71 दाखवत असेल तर ते चार कमी सांगतं, डब्यावर पेननं लिहून ठेव: अधिक 4. झालं. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं. आईनं मिठाची बरणी भरल्या घरातली लक्ष्मी म्हणून जपली, आणि ते मीठ असं मापाला उभं राहतं!

दुसरं म्हणजे डबा. तो जो सुबक लाकडी पेटारा निखिल ऑनलाइन बघून राहिला आहे नं, तो घेऊ देऊ नको. दिसायला छान, पण लाकूड स्वतःच पाणी पितं. आधी पंधरा दिवस त्यालाच ओलावा पाजून तयार करावं लागतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तो सतत तहानलेला. तू सरळ चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा घे, पाच लिटरचा. धुऊन चार दिवस उघडा ठेव. नाक घालून बघ, प्लास्टिकचा वास येता कामा नये. ज्यात कधी मसाला किंवा लोणचं होतं असा जुना डबा तर नकोच.

चिरूट ज्या लाकडी खोक्यात आले ते खोकं फेकू नको, त्याच्या पातळ फळ्या नव्या डब्यात तळाशी घाल. त्या लाकडाला तिकडे सीडर म्हणतात, पण देवदाराशी त्याचं काही नातं नाही. ते झाड महोगनीच्या कुळातलं, आणि त्याच कुळात आपला कडुनिंब. आपण गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालतो. तिकडच्यांना त्याच घराण्यातल्या लाकडाचं खोकं करावंसं वाटलं. मला हे कळलं त्या दिवशी मी आजीला मनातल्या मनात सांगितलं, तुझंच बरोबर होतं म्हणून.

तिसरं, ओलावा. स्पंज नको, पाण्याची वाटी नको. नळाचं पाणी तर नकोच. त्याचा कूलरच्या जाळीवर कसा पांढरा थर बसतो ते तू दरवर्षी खरवडतेस. यासाठी तयार पुड्या मिळतात, दोन्हीकडून काम करणाऱ्या. डब्यात हवा कोरडी झाली तर ओल सोडतात, जास्त झाली तर शोषतात. बोव्हेडा नावाच्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्यात असतं काय? क्षारांचं दाट पाणीच, वर श्वास घेणारा पापुद्रा. तुझ्या झाकणातल्या मिठाची शिकलेली बहीण समज. प्रत्येक पुडीवर टक्के छापलेले असतात. 25 चिरुटांना 60 ग्रॅमची एक पुडी पुरते. आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या दाणेदार सिलिका जेलच्या पुड्या नाही हं, त्या नुसत्या कोरडं करतात.

कितीची घ्यायची? जुना नियम सांगतो ओलावा 70 टक्के आणि उष्णता 70 फॅरनहाइट, म्हणजे आपले 21 अंश. ज्यांच्या घरात बारा महिने 21 अंश असतात त्यांनी तो पाळावा. आपल्याकडे उष्णता हाताबाहेर, तर ओलावा थोडा खाली ठेवलेला बरा. गरम आणि ओलं दोन्ही एकदम मिळालं की बुरशीला आणि किड्याला आमंत्रणच. तू 65 ची पुडी घे.

चौथं म्हणजे जागा, आणि हा सगळ्यात नाजूक भाग. गच्चीखालचा माळा नको. पश्चिमेची भिंत नको. स्वयंपाकघर नको, फोडणीचा वास. देवघराजवळ नको, कापूर-अगरबत्ती. साड्यांच्या कपाटात ठेवणार असशील तर आधी डांबराच्या गोळ्या काढ. तुझ्या घरात मी फिरून पाहिलं, तेव्हा आतल्या छोट्या खोलीतलं भिंतीतलं कपाट चांगलं वाटलं, ज्याला बाहेरची एकही भिंत लागत नाही. त्याचा सगळ्यात खालचा कप्पा. गरम हवा वर जाते, खाली दोन-तीन अंशांचा फरक पडतो. डबा नुसता ठेवू नको, थर्मोकोलच्या जाड खोक्यात ठेव, औषधं किंवा मासळी येते तसल्या. त्यानं थंड होत नाही, पण दुपारच्या उन्हाचा तडाखा आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. चढउतार मंद झाला म्हणजे निम्मं काम झालं. ज्या खोलीत रात्री एसी लागतो तीच खोली असेल तर आणखी बरं.

आणि पाचवं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, पण तुला करायचं आहे सगळ्यात आधी.

पहिल्या उन्हाळ्यानंतर आमचे 12 उरले होते. मी ते बेडरूममधून हलवून कोठीच्या खोलीत ठेवले, गार आहे म्हणून. त्या खोलीत माझी वर्षाची साठवण असते, तुला माहीत आहे. भिवापुरी मिरची, धणे, आणि वायगावची हळकुंडं. त्या वर्षी मी हौसेनं पाच किलो हळकुंडं घेतली, दळून आणली दोन किलो, आणि उरलेली डब्यात तशीच विसरले. वर्षभर! पुढच्या एप्रिलमध्ये एका रविवारी तुझ्या भाऊजींनी चिरुटांचा डबा उघडला आणि मला हाक मारली. एका चिरुटावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. अगदी गोल, ड्रिलनं पाडल्यासारखं. त्यांनी तो टेबलावरच्या पेपरवर हलकेच आपटला तर भोकातून बारीक तपकिरी भुकटी पडली, आणि भुकटीबरोबर एक किडा. तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा, पाठ फुगीर, मान खाली घातलेला. सोनकिड्यापेक्षा आखूड. थोडा वेळ मेल्यासारखा पडून राहिला आणि मग चालायला लागला.

ते म्हणाले, "पानातच अंडी आली असतील." तसं होतंही. तंबाखूच्या पानात या किड्याची अंडी असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हवा साधारण 24 अंशांच्या वर गेली की त्यातून अळ्या निघतात, आतल्या आत पान खातात, मोठ्या झाल्या की भोक पाडून बाहेर. नागपुरात 24 अंश म्हणजे वर्षातले किती महिने झाले, सांग. मी मान डोलावली. दुपारी ते झोपल्यावर मी कोठीत जाऊन हळकुंडांचा डबा उघडला.

मनू, डब्याच्या तळाशी पिवळी भुकटी आणि त्यात तेच. तसेच तांबूस, मान खाली घातलेले. हळकुंडांना टाचणीची भोकं.

इंग्रजीत याला सिगरेट बीटल म्हणतात, पण त्याला नुसत्या तंबाखूचंच वेड नाही. हळद, मिरची, धणे, सुंठ, सगळं चालतं. तेव्हा माझ्या हळदीतून तो चिरुटात गेला की चिरुटातून हळदीत आला, देव जाणे. पण हळदीतली वस्ती जुनी दिसत होती. मी ती हळकुंडं कागदात गुंडाळून अंधार पडल्यावर खाली कचऱ्यात टाकून आले, डबा घासून पालथा घातला, आणि गप्प बसले. नऊ चिरूट गेले. तुझे भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात, तिकडच्या मालातच कीड होती.

म्हणून तुझ्या बाबतीत आज संध्याकाळी पहिलं काम हे. सगळे चिरूट दोन झिपच्या पिशव्यांत, एकात एक, हवा काढून घाल. फ्रिजरमध्ये चार दिवस. तिथं उणे 18 अंश असतात, अंडी-अळी काही उरत नाही. बरेच कारखाने हे करूनच माल पाठवतात, पण केलेलं पुन्हा केलं तर बिघडत नाही. मग फ्रिजरमधून काढून एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, आणि मग एक दिवस बाहेर टेबलावर. या सगळ्या वेळात पिशवी उघडायची नाही. घाई केलीस तर दोन गोष्टी होतील. एकदम तापलेलं पान फुटेल, आणि गार चिरुटावर पाणी धरेल. बंद पिशवी असली की दव बाहेरच्या अंगाला जमतं, आतलं पान कोरडं राहतं. हो, मघाशी मीच फ्रिजमधून काढ म्हटलं आणि आता मीच फ्रिजर सांगते. पण तिथं चार दिवसांची वस्ती आहे, संसार नाही.

आमचे शेवटचे तीन असेच वाचले.

त्यानंतर तुझं काम फार थोडं. महिन्यातून एकदा झाकण उघडायचं, दोन मिनिटं. नाकाला झोंबणारा वास आला तर घाबरू नको, तो अमोनिया, तो जायलाच हवा. आकडा बघायचा. तीन-चार महिन्यांनी वरचे खाली, खालचे वर. डबा गच्च भरायचा नाही, हवेला फिरायला जागा ठेवायची. प्रत्येकावरचा पारदर्शक कागद काढायची गरज नाही. त्यातून हवा जाते, आणि काही वर्षांनी तो आपोआप पिवळट पडतो, आपल्या जुन्या फोटोंवरच्या बटरपेपरसारखा. पुडी कडक लागली की बदलायची. चुकून एखादा चिरूट कोरडा पडलाच, तर ओलं फडकं गुंडाळू नको. त्याच डब्यात दोन-तीन आठवडे पडू दे. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवलं तर काय होतं? आधी पेज.

आणि निखिलला एक खरं सांगून ठेव. 13 वर्षं ठेवलं म्हणजे 13 पट चांगलं होतं असं नाही. जोरकस, तिखट पानाचे असतील तर काही वर्षांत ते निवळतात, गोलाई येते. सौम्य असतील तर इतक्या वर्षांत त्यांचा होता तो वासही विरून जाईल. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून कोणी आजोबांच्या वेळचा तांदूळ ठेवत नाही. त्याला म्हणावं, खोक्यावर बघ कुठले आहेत, कसे आहेत. डब्यावर आजची तारीख लिही. आणि दर दोन वर्षांनी एक उघडून वास घ्या, दोघं बसून. ओढायची सक्ती नाही. बघितलंच नाही तर ती साठवण राहत नाही, अडगळ होते. माझ्या पाच किलो हळकुंडांचं तेच झालं.

आमचे तीन अजून आहेत. आठ वर्षांचे झाले. दर शिमग्याला ते उघडतो, वास घेतो, झाकण लावतो. तुझ्या भाऊजींनी सिगरेट सोडली त्यालाही आता पाच वर्षं होतील. ते चिरूट ओढले जातील असं मला वाटत नाही, आणि मी विचारतही नाही.

आता ती राहिलेली गोष्ट पुरी करते. गेल्या एप्रिलमध्ये मी कोठी आवरत होते. हे आत आले, काही न बोलता हळदीचा डबा उचलला, गॅलरीत जुनं धोतर पसरलं आणि हळकुंडं उन्हात घातली. मग मिरच्या. मग धणे. मी म्हटलं, "आज काय सुचलं?" तर म्हणाले, "दरवर्षी तर घालतो." आणि मला एकदम आठवलं, खरंच दरवर्षी घालतात. त्या किड्याच्या वर्षापासून. मला वाटायचं, माणसाला उन्हाळ्यात काही उद्योग हवा.

पाहुण्यांसमोर मात्र अजूनही तिकडच्या मालालाच दोष देतात.

चल, ओवी शाळेतून यायची वेळ झाली. चिरूट फ्रिजरमध्ये घाल आणि आज रात्री झाकणात मीठ भर. विसरू नको, ओल्या वाळूसारखं. उद्या रात्री आकडा काय आला तो फोन करून सांग. 75 असला तर चहाला मी तुझ्याकडे येते, फाटकाखालच्या रस्त्यानं दहा मिनिटांत. नसला तर तू ते यंत्र घेऊन माझ्याकडे ये. माझ्या मिठात पुन्हा बघू.